आगाखान महाल पाहायला निघण्यापूर्वी : मराठवाड्यातील प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे बीड जिल्ह्यातील शाळांच्या सहली आणि गावाकडील ज्येष्ठांचे गट घेऊन पुण्याच्या आगाखान महालात आमचे जाणे होते. निघण्यापूर्वी पालकसभेत, बसस्थानकावर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

पुण्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मग आगाखान महालासाठी वेगळा वेळ का काढावा?

छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा बीडकडून पुण्याला जाणाऱ्या माणसाने या महालाच्या आसपासून अनेकदा प्रवास केलेला असतो. कारण आपल्या बहुतेक गाड्या अहिल्यानगरमार्गे ज्या रस्त्याने पुण्यात शिरतात, त्याच नगर रस्त्यावर, येरवड्याच्या अलीकडे हा महाल आहे. मुलाला वसतिगृहात सोडायला, नातेवाइकाला दवाखान्यात दाखवायला किंवा नोकरीच्या मुलाखतीला निघालेला माणूस वाहतुकीच्या कोंडीला वैतागत पुढे निघून जातो आणि जवळच काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. तेथे महात्मा गांधींच्या आयुष्यातील शेवटचा तुरुंगवास घडला. ९ ऑगस्ट १९४२ ते ६ मे १९४४ असे जवळजवळ एकवीस महिने ते या वास्तूत स्थानबद्ध होते आणि त्या काळात त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई व पत्नी कस्तुरबा या दोघांचाही मृत्यू याच ठिकाणी झाला. दोघांच्या समाध्या महालाच्या आवारात आहेत.

महाल हा शब्द ऐकून झुंबरे, सिंहासन आणि शस्त्रे पाहायला मिळतील, अशा अपेक्षेने आलेला माणूस येथे हमखास निराश होतो. राजवाडा पाहायला नव्हे, तर तुरुंग आणि स्मशानभूमी पाहायला आपण चाललो आहोत, असे आम्ही गाडीत बसतानाच सर्वांना सांगतो. ऐकायला कठोर वाटते, परंतु पुढचे पाहणे त्यामुळे सोपे होते.

हा महाल कोणी आणि कशासाठी बांधला?

शिया मुसलमानांमधील निझारी इस्माईली पंथाचे ४८ वे इमाम (धर्मगुरू) सुलतान महंमद शाह, म्हणजेच तिसरे आगाखान, यांनी हा महाल बांधला. बांधकामाचे वर्ष १८९२ असे दिले जाते. १८७७ साली कराचीत जन्मलेल्या या इमामांचे वय तेव्हा पंधराच्या आसपास होते. पुढे मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष आणि १९३७ साली राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव जगभर झाले, ते हेच.

परंतु आपल्याकडील माणसाने थांबून ऐकावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दुष्काळाने होरपळलेल्या पुणे परिसरातील गोरगरिबांच्या हाताला काम मिळावे, हा या बांधकामामागील हेतू होता. सुमारे एक हजार माणसांना त्यातून मजुरी मिळाली, काम पाच वर्षे चालले आणि त्यावर बारा लाख रुपये खर्च झाले, असे या वास्तूच्या इतिहासात नोंदवले जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा महाल म्हणजे एक दुष्काळी काम आहे.

इतिहासाच्या पुस्तकातून हे वाक्य मुलांना सांगितले, तर ती ऐकून सोडून देतात. पण गटात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे असली, की चित्र पालटते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेली, नाला बंडिंगवर टोपल्या वाहिलेली आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव अजून न विसरलेली ही माणसे महालाच्या कमानींकडे निराळ्या नजरेने पाहतात. दगड कोणी घडवला असेल, दिवसाला काय मिळत असेल, हजेरी कोण घेत असेल, हे प्रश्न त्यांना आपोआप सुचतात. आमच्याबरोबर आलेल्या एका आजीबाईंनी व्हरांड्यात उभे राहून विचारले होते, ‘‘आमच्या कामावरच्या तलावात पाणी तरी राहिलं, इथल्या लोकांना हे बांधून काय मिळालं?’’ त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेव्हाही देता आले नाही. रोजगार हमीची संकल्पना याच महाराष्ट्रात पुढे कायद्यात उतरली, हे मात्र मुलांना तेथेच सांगावे.

एका धर्मगुरूचा महाल तुरुंग कसा झाला?

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने ‘चले जाव’चा ठराव मंजूर केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच पोलिसांनी नेत्यांना ताब्यात घेतले. सर्वांना एकाच खास गाडीने मुंबईबाहेर हलवण्यात आले. गांधीजी, महादेवभाई, सरोजिनी नायडू आणि गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांना चिंचवडला उतरवून मोटारीने या महालात आणले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव आदी कार्यकारिणीचे सदस्य त्याच गाडीने पुढे तेव्हाच्या अहमदनगरला जाऊन तेथील किल्ल्यात बंदिस्त झाले. कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यर यांना त्याच दिवशी मुंबईत वेगळी अटक झाली, कारण गांधीजींच्या गैरहजेरीत शिवाजी पार्कवरील सभेत बोलण्याचा निर्धार कस्तुरबांनी केला होता. दोन-तीन दिवसांत त्यांनाही येथे आणण्यात आले. नंतर सुशीलाबेनचे बंधू व गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल आणि मुंबईचे डॉ. गिल्डर येऊन मिळाले.

सरकारने नेहमीचा तुरुंग टाळून ही खासगी वास्तू निवडली, तिच्याभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले आणि सशस्त्र पहारा बसवला. येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग येथून अगदी जवळ आहे. गांधीजींना ही व्यवस्था मुळीच मान्य नव्हती. एवढ्या मोठ्या बंगल्याचे भाडे आणि पहाऱ्याचा खर्च शेवटी गरीब जनतेच्या पैशातून होतो, तेव्हा आम्हाला साध्या तुरुंगात हलवावे, असे त्यांनी सरकारला लेखी कळवले होते. दुष्काळी मजुरांच्या हातांनी उभ्या राहिलेल्या इमारतीत बसून गरिबांच्या पैशाचा हिशेब मांडणारा हा कैदी होता, एवढे ध्यानात ठेवून त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहावे.

पुणे करार याच महालात झाला का?

नाही. हा गोंधळ फार जणांचा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सवर्ण हिंदू नेते यांच्यातील पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात झाला, म्हणजे आगाखान महालातील स्थानबद्धतेच्या दहा वर्षे आधी. त्या वेळचे गांधीजींचे उपोषण वेगळे आणि १९४३ चे वेगळे. महालातील उपोषण १० फेब्रुवारी १९४३ रोजी सुरू झाले आणि एकवीस दिवसांनी, ३ मार्चला सुटले. ऑगस्ट आंदोलनातील हिंसाचाराची जबाबदारी सरकारने गांधीजींवर टाकली होती, त्याच्या निषेधार्थ ते होते. शिक्षकांनी या दोन तारखा निघण्याआधी फळ्यावर लिहून घ्याव्यात.

महादेवभाई देसाई कोण होते? त्यांची समाधी येथे का आहे?

महादेवभाई हे सुमारे पंचवीस वर्षे गांधीजींचे चिटणीस होते. पत्रव्यवहार, भाषांतर, रोजनिशी आणि भेटीगाठींची व्यवस्था हे सर्व त्यांच्याकडे होते. अटकेनंतर सहाव्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, म्हणजे वय अवघे पन्नास; महालाचे आणि त्यांचे जन्मवर्ष एकच, हा निव्वळ योगायोग. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांच्या देहाला स्नान घातले. अंत्यसंस्कार महालाच्या आवारातच करण्यात आले. पुढे बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. विद्यार्थ्यांना १५ ऑगस्ट ही तारीख एकाच अर्थाने ठाऊक असते. तिला आधीचा हा एक अर्थ आहे, हे त्यांना समाधीसमोर सांगितले तर ते सहसा विसरत नाहीत.

स्थानबद्धतेच्या उरलेल्या काळात गांधीजी फिरायला निघाले, की या दहनभूमीवर जाऊन फुले वाहत. कैद्याला कुंपणाबाहेर जाता येत नव्हते, त्यामुळे त्यांच्या जगात जाण्यासारखी तेवढीच एक जागा होती.

कस्तुरबांच्या शेवटच्या दिवसांविषयी मुलांना काय आणि किती सांगावे?

सगळे सांगावे. पालक येथे उगाच बिचकतात. कस्तुरबांना पूर्वीपासून श्वासनलिकेचा विकार होता. स्थानबद्धतेत त्यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला आणि अखेरीस न्यूमोनियाने गाठले. धाकटे चिरंजीव देवदास यांनी त्या काळी अतिशय दुर्मीळ असलेले पेनिसिलीन विमानाने मागवले. मरणाच्या दारात असलेल्या पत्नीला सुया टोचून आणखी यातना देऊ नयेत, असे गांधीजींचे मत पडले आणि ते औषध दिले गेले नाही. पती बरोबर की मुलगा बरोबर, यावर नववी-दहावीच्या मुलांमध्ये परतीच्या प्रवासात जेवढा वाद होतो, तेवढा आम्ही वर्गात कधी ऐकलेला नाही. आणि ज्यांच्या घरात आजारी आजी-आजोबा आहेत, ती मुले त्या वादात अधिक शांत असतात, असेही पाहिले आहे.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबांनी प्राण सोडला. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि लग्नाला साठ वर्षे होऊन गेली होती. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या शेजारीच त्यांना अग्नी देण्यात आला. रक्षा सावडताना काचेच्या पाच बांगड्या न तडकता मिळाल्या, असे त्या वेळच्या आठवणींमध्ये लिहिलेले आहे. आमच्या गटातील बायका दुसरे काही विसरल्या तरी बांगड्यांचे हे बोलणे घरी जाऊन सांगतात.

त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून ग्रामीण स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी काम करणारा कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यास उभा राहिला. गांधीजींना त्यानंतर अडीच महिन्यांतच, मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे, मुक्त करण्यात आले. बायको आणि मुलासारखा सहकारी मागे ठेवून ते या फाटकातून बाहेर पडले.

मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात होता. मग आपला या महालाशी काय संबंध?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक आवडतो, कारण तो आपल्याकडील माणूसच विचारू शकतो. १९४२ साली मराठवाड्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि ‘चले जाव’ची घोषणा ब्रिटिशांना उद्देशून असली, तरी आपल्याकडे समोर सत्ता निझामाची होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेच्या वेळीच बंदी आली होती. त्या वर्षी स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला सत्याग्रह वर्षअखेरीस गांधीजींच्या सल्ल्याने स्थगित करण्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी लढा दिला. ऑगस्ट १९४२ मध्ये देशभर धरपकड झाली, तेव्हा संस्थानातील कार्यकर्तेही तुरुंगात गेले. म्हणजे दोन्ही लढ्यांची दोरी एकच होती. गाठ मात्र दोन ठिकाणी सोडवावी लागली. ब्रिटिश गेले १५ ऑगस्ट १९४७ रोजी, आणि मराठवाड्यात तिरंगा निर्धास्तपणे फडकायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

आणखी एक धागा सरोजिनी नायडूंचा आहे. त्या हैदराबादच्या. त्यांचे बालपण आणि संसार दोन्ही निझामाच्या राजधानीत गेले, म्हणजे आपले आजोबा-पणजोबा ज्या शहराकडे राजधानी म्हणून पाहत होते, त्याच शहरातून आलेली ही कैदी. प्रकृती बिघडल्याने त्यांची सुटका गांधीजींच्या बरीच आधी, मार्च १९४३ मध्ये झाली. महालात त्यांचे छायाचित्र दिसले, की हैदराबादशी असलेले हे नाते गटाला जरूर सांगावे.

महालात प्रत्यक्ष काय पाहायला मिळते? आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

आवार सुमारे एकोणीस एकरांचे आहे. मधोमध इटालियन धाटणीच्या कमानींची, वरच्या दिशेने लहान होत गेलेल्या मजल्यांची इमारत आहे. तिच्या सभोवार रुंद व्हरांडा फिरतो आणि पुढे हिरवळ पसरलेली आहे. संग्रहालयात छायाचित्रे, तैलचित्रे, पत्रे, वापरातील भांडी आणि चपला अशा वस्तू मांडलेल्या आहेत. गांधीजींची खोली, तेथील साधी गादी, बसून लिहिण्याचे मेज आणि चरखा हे सर्व पाहता येते.

क्रमाविषयी आमचे मत ठाम आहे. बहुतेक गट आधी हिरवळीवर तासभर छायाचित्रे काढतात, मग घाईने दालनांतून फिरतात आणि समाध्या मागील बाजूस आहेत हे कळेपर्यंत गाडीवाल्याचे फोन सुरू होतात. आम्हीही एकदा असेच केले. वाटेत रांजणगावच्या गणपतीच्या दर्शनाला गर्दी लागली, महालात पोहोचायला पावणेपाच वाजले आणि चाळीस मुलांना समाध्या न दाखवताच बाहेर पडावे लागले. ती चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून आम्ही फाटकातून थेट इमारतीत जातो, दालने पाहतो, गांधीजींच्या खोलीपाशी थांबतो आणि तेथून सरळ समाध्यांकडे वळतो. छायाचित्रांसाठी परतताना वेळ मिळतो, आणि तेव्हा मुलेही हिरवळीवर जरा कमी धावतात.

पाहण्यासाठी किती वेळ लागतो?

नुसते फिरून यायचे असल्यास पाऊण तास, मजकूर वाचत पाहायचे असल्यास दोन तास. शाळेच्या गटाने अडीच तास धरावेत.

उघडण्याची वेळ आणि प्रवेशशुल्क काय आहे?

वास्तू २००३ सालापासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली, राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून आहे. सर्वसाधारणपणे सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० ही पाहण्याची वेळ असते. भारतीय नागरिकांना २५ रुपयांचे तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. दर बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करावी. शाळेच्या गटाने मुख्याध्यापकांचे पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी जवळ ठेवावी. कोणी मागितले नाही तरी अडचणीला उपयोगी पडते.

मराठवाड्यातून तेथे पोहोचण्याचा सोयीचा मार्ग कोणता?

संभाजीनगर, जालना आणि बीडकडून अहिल्यानगरमार्गे येणाऱ्यांनी पुण्याच्या बसस्थानकापर्यंत जाऊन पुन्हा उलट येण्याचा द्राविडी प्राणायाम करू नये. शिक्रापूर, वाघोली, खराडी असे करत गाडी शहरात शिरते. तेव्हा वाहकाला आधी सांगून नगर रस्त्यावरच जवळच्या थांब्यावर उतरावे आणि रिक्षा करावी. रामवाडीला उतरल्यास तेथून मेट्रोने पुढचेच स्थानक कल्याणीनगर आहे आणि महालासाठी तेच जवळचे.

लातूर, धाराशिवकडून सोलापूर रस्त्याने येणाऱ्या गाड्या शहराच्या दुसऱ्या बाजूने, हडपसरमार्गे येतात. त्यांनी तसेच नांदेड-लातूरकडून रेल्वेने येणाऱ्यांनी पुणे रेल्वे स्थानकावरून वनाज-रामवाडी मार्गावरील मेट्रो पकडावी. रूबी हॉल, बंड गार्डन, येरवडा आणि मग कल्याणीनगर. आमच्याकडील ज्येष्ठांना मेट्रोचे सरकते जिने पहिल्यांदा कठीण जातात, त्यामुळे उद्वाहन (लिफ्ट) कोठे आहे ते आधीच विचारून घ्यावे.

मेट्रोची मूळ आखणी नगर रस्त्याने, महालासमोरूनच होती. संरक्षित स्मारकाजवळच्या बांधकामावर कायद्याने बंधने असल्यामुळे ती बदलून कल्याणीनगरकडे वळवण्यात आली. एका जुन्या वास्तूसाठी मेट्रो वाकते, हे आपल्या गावातील गढीची माती ट्रॅक्टरने वाहून नेणाऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे.

ज्येष्ठांना आणि गुडघेदुखीच्या रुग्णांना जमेल का?

जमते. पाहण्याचा मुख्य भाग तळमजल्यावर आहे, त्यामुळे मोठे जिने चढावे लागत नाहीत. जोत्याच्या काही पायऱ्या मात्र आहेत. फाटकापासून इमारत आणि तेथून समाध्या एवढे चालणे होते. उन्हाळ्यात गटाने सकाळी नऊलाच पोहोचावे. आपल्या उन्हाची सवय असणाऱ्यांनाही दुपारी हिरवळ ओलांडताना घाम फुटतोच.

डबा आत नेता येतो का?

स्मारकाच्या आवारात पंगत मांडू नये. भाकरी-ठेचा गाडीतच खाऊन घ्यावा आणि पाण्याची बाटली तेवढी बरोबर ठेवावी.

छायाचित्रे काढता येतात का?

आवारात काढता येतात. दालनांमध्ये जेथे मनाईचा फलक असेल, तेथे तो पाळावा. समाध्यांसमोर उड्या मारत चित्रफिती काढणारी तरुण मंडळी अलीकडे दिसू लागली आहेत. आपल्या गटातील मुलांना आधीच समज द्यावी, म्हणजे पहारेकऱ्यावर ती वेळ येत नाही.

महाल सरकारकडे कसा आला?

चौथे आगाखान, प्रिन्स करीम, यांनी १९६९ साली, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या स्मृतीला आदर म्हणून ही वास्तू भारतीय जनतेला दिली. ते तिसऱ्या आगाखानांचे नातू. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांचे लिस्बनमध्ये निधन झाले. गांधी राष्ट्रीय स्मारकाचे काम याच ठिकाणाहून चालते आणि आवारात खादीचे विक्री केंद्रही आहे. खादीचा पंचा किंवा रुमाल तेथून घ्यावा; शाळेच्या सहलीतून आई-वडिलांसाठी नेण्याजोगी दुसरी वस्तू आम्हाला तेथे दिसलेली नाही.

परतीच्या वाटेवर जोडून पाहण्यासारखे आणखी काय आहे?

वेळ असल्यास अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये एकाच गाडीने मुंबईहून निघालेल्या कैद्यांपैकी काहींना या महालात आणि काहींना त्या किल्ल्यात ठेवले गेले, हे वर आलेच आहे. संभाजीनगर-पुणे या एकाच रस्त्यावर हे दोन्ही तुरुंग आहेत. नेहरूंनी भारताच्या इतिहासावरील आपला गाजलेला ग्रंथ त्या किल्ल्यात लिहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि प्रवेशाची चौकशी आधी करावी. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात करायची असतील, तर बीडहून पहाटे चारला निघण्यावाचून पर्याय नाही.

कोणत्या दिवशी जाणे टाळावे?

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला कार्यक्रम व गर्दी असते. ज्यांना प्रार्थनेत सहभागी व्हायचे आहे त्यांनी याच दिवशी जावे. ज्यांना खोली आणि समाध्या निवांत पाहायच्या आहेत त्यांनी मंगळवार-बुधवारसारखा साधा दिवस निवडावा. २२ फेब्रुवारी, कस्तुरबांच्या स्मृतिदिनी, गर्दी त्या मानाने कमी असते. गावाकडच्या महिला गटांसाठी आम्ही शक्यतो तोच दिवस धरतो.

समाधीवर वाहायला फुले न्यावीत का?

न्यावीत, परंतु प्लॅस्टिकच्या पिशवीतले हार नकोत. पहारेकऱ्याला विचारून, तो दाखवील तेथेच ठेवावीत. आमच्या गटातील बायका निघताना परसातली शेवंती किंवा झेंडू ओल्या फडक्यात बांधून आणतात. पाच-सहा तासांच्या प्रवासात फुले थोडी कोमेजतात, तरीही पुण्यात उतरून विकत घेण्यापेक्षा त्यांना तीच बरी वाटतात.